बिब्राक्त: एदुईंच्या गडावर

वळण संपलं आणि समोर एकदम तट आला. आडव्या-उभ्या रचलेल्या लाकडी तुळया, आत ठासलेली दगडमाती, दर्शनी बाजूला दगडी बांधकाम आणि त्यातून डोकावणारी तुळयांची टोकं. हा रबूचा दरवाजा. उत्खननाच्या आधारे तो नव्यानं उभारलाय, पण जागा जुनीच.

फ्रान्सच्या बर्गंडीत, मोर्वांच्या रानात, मों बव्रे हा 821 मीटर उंचीचा डोंगर. इ.स.पू. पहिल्या शतकात एदुई या केल्टिक जमातीची राजधानी बिब्राक्त इथे नांदत होती. आतल्या तटातलीच जागा 135 हेक्टर! केल्ट म्हणजे रानटी लढवय्ये, असंच आपण ऐकत आलेलो असतो. इथे तर लोहारांची, मिनाकाम करणाऱ्यांची घरं होती. इटलीहून आलेल्या मद्याच्या रांजणांची खापरं ढिगानं निघाली.

पायथ्याच्या संग्रहालयात मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती एका लोखंडी खिळ्यापाशी. चांगला वीतभर लांब, गंजानं खडबडीत झालेला. तटात तुळईवर तुळई जिथे आडवी जाई, तिथे असे खिळे ठोकत. लाकूड कुजलं, खिळे राहिले.

इथल्या दोन भावांची गोष्ट मला चटका लावून गेली. थोरला दिविकियाकस ड्रुइड, म्हणजे केल्टांचा पुरोहित होता. मदत मागायला तो रोमला गेला, तिथे प्रसिद्ध वक्ता सिसेरोला भेटला. धाकट्या दुम्नोरिक्सला रोमचं वर्चस्व मुळीच मान्य नव्हतं. इ.स.पू. 54 मध्ये तो रोमन सेनापती सीझरची छावणी सोडून निघाला, तेव्हा त्याला गाठून मारलं. मरताना तो ओरडत होता, मी स्वतंत्र आहे, स्वतंत्र राज्याचा आहे. हे लिहून ठेवलंय खुद्द सीझरनं. दोनच वर्षांनी याच डोंगरावर रोमविरुद्ध उठलेल्या केल्टिक जमातींच्या सभेनं त्यांचा नेता वेर्सिंजेतोरिक्स याच्या हाती सेनापतिपद कायम ठेवलं. अलेसियाच्या लढाईत तो सीझरपुढे हरला.

पुढे रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात खाली सपाटीवर नवं रोमन शहर वसलं, माणसं हळूहळू तिकडे उतरली आणि गड ओस पडला. शहराचं नाव ऑगुस्तोदुनुम, आजचं ओतँ. त्यातला ‘दुनुम’ हा शब्द केल्टिक, अर्थ गड. संध्याकाळी परतताना रस्त्यावरच्या पाटीवर ते नाव दिसलं, तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली.