सुकलेलं शाईचं पेन: माझा अनुभव

बांबूचं अंग, खाकी वेष्टण, वर हिरवं पान आणि ठळक अक्षरांत ‘रिफिलेबल’. आत मात्र अशी रिफिल, की ती त्या एका कंपनीशिवाय कोणी बनवत नाही, आणि काही दिवसांनी तीही बनवेनाशी होते. मग रिफिल संपली की बांबूसकट पेन कचऱ्यात. पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पेनांवरचा माझा हा राग जुना आहे. त्यामुळे पेन कशाचं बनवलंय ते मी नंतर बघतो, आधी ते उघडून आत काय घातलंय ते बघतो. ‘मातीत विरघळणारं’ म्हणून ज्या पीएलए प्लास्टिकचं कौतुक चालतं, त्यालाही नीट कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. कुंडीत पुरलं तर बराच काळ ते तसंच पडून राहतं.

बॉलपेनच हवं असेल तर रिफिलचं माप आधी, पेन नंतर. सगळ्यात सोयीचं माप ‘जी २’, म्हणजे ज्याला सर्रास ‘पार्कर टाइप’ म्हणतात ते: लांबी साधारण ९८ मिमी, जाडी ६ मिमी. हे माप अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे एकीने बंद केलं तर दुसरीचं चालतं. चार रंगांच्या आणि छोट्या पेनांत ‘डी १’ असतं, ६७ मिमी लांब आणि २.३५ मिमी जाड. नावाने फसू नका. पायलटच्या जी २ नावाच्या जेल पेनाची रिफिल वेगळी आणि लांब असते, ती पार्कर मापाच्या पेनात बसत नाही.

मी स्वतः लिहितो शाईच्या पेनाने. त्यात फेकण्यासारखं फार काही उरतच नाही. बाटली रिकामी होते, ती काचेची. पेन घेताना मात्र त्यात कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी छोटी टाकी, बसतो का, एवढं विचारून घ्या. काही कंपन्यांचे कन्व्हर्टर आणि कार्ट्रिज (तयार शाई भरलेल्या नळ्या) फक्त त्यांच्याच पेनात बसतात. ‘इंटरनॅशनल’, म्हणजे अनेक कंपन्यांत सारख्याच असलेल्या मापाचं पेन असेल तर पर्याय भरपूर. कार्ट्रिज वापरत असाल तरी ते एकदा वापरून टाकून देऊ नका. बोथट सुईच्या सिरिंजने ते पुन्हा भरता येतं. छोट्या कार्ट्रिजमध्ये ०.८ मिलिच्या आसपास शाई मावते. तोंड सैल होऊन पेनावर घट्ट बसेनासं झालं की मगच ते टाका, नाहीतर शाई खिशात उतरते.

आता खरी कटकट. शाईचं पेन सहसा मोडत नाही, ते सुकतं. मग ‘हे काही आपल्याला जमणारं नाही’ म्हणून कपाटात जातं आणि माणूस पुन्हा बॉलपेनांचा पुडा घेऊन येतो. एवढ्या चांगल्या पेनांची अशी वासलात लागलेली बघवत नाही.

आधी आत काय होतं ते समजून घ्या. निबेच्या पोटाशी जी काळी जीभ असते, तिच्यात एक उभी, केसासारखी बारीक खाच असते. शाई केशाकर्षणाने त्या खाचेतून खाली येते आणि तेवढीच हवा उलट वाटेने वर जाते. जिभेच्या बाजूचे आडवे कंगोरे जास्तीची शाई थोपवून धरतात. पेन बरेच दिवस पडून राहिलं की शाईतलं पाणी उडून जातं आणि रंग खाचेत घट्ट बसतो. हवेला वर जायला वाट नाही, म्हणून शाईलाही खाली यायला वाट नाही. टाकी अर्धी भरलेली आणि पेन ठणठणीत कोरडं, असं होतं ते यामुळे.

इथेच बहुतेक लोक पेन झटकतात किंवा निब कागदावर रेटतात. झटकून भिंत रंगते, एवढंच. रेटणं जास्त वाईट, कारण त्याने निबेचे दोन्ही पाय फाकतात. मधली चीर रुंद झाली की शाई टोकापर्यंत पोचत नाही. म्हणजे पाण्याने सुटला असता तो दोष आता धातूत जाऊन बसला.

धुण्याआधी एक चाचणी करा. निबेचं टोक क्षणभर पाण्यात बुडवून लिहा. दोन-चार ओळी नीट उमटून मग पेन थांबलं, तर शाई मागून येत नाहीये. दोष जिभेत किंवा कन्व्हर्टरमध्ये. ओलं असूनही प्रत्येक अक्षराची पहिली रेघ सुटत असेल, तर दोष निबेच्या टोकाचा, आणि कितीही धुतलं तरी तो जाणार नाही. दहापट भिंगातून टोक बघा. एक पाय वर आणि एक खाली दिसला तर नखाने हलकेच समपातळीत आणता येतात. टोक जास्त गुळगुळीत घासलं गेलं असेल तर मात्र ते जाणकाराकडेच द्यावं. कन्व्हर्टर हा तिसरा संशयितही बघून घ्या: शाई मागच्या टोकाला चिकटून बसते आणि खाली उतरत नाही. बोटाने टिचकी मारली की उतरते. वारंवार असं झालं तर कन्व्हर्टर सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा.

आता जिभेकडे. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं. गरम पाण्याने एबोनाइटची (कडक रबराची) जीभ वाकू शकते आणि प्लास्टिकही आकार सोडतं. स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन तर लांबच ठेवा. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटने बारीक तडे जातात. कन्व्हर्टर काढून पेनाचा पुढचा भाग निबेसकट पाण्याच्या पेल्यात ठेवा. खाच मोकळी असेल तर निळ्या धाग्यांसारखी शाई कंगोऱ्यांतून खाली उतरताना दिसते. खाच अडलेली असेल तर पाणी बराच वेळ नितळच राहतं. मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो या नितळ पाण्याचा, कारण करण्यासारखं काही नसतं. रात्रभर राहू द्यायचं. सकाळी तळाशी गडद थर साचलेला दिसला की समजावं, काम सुरू झालं.

मग दाब. कानात पाणी मारायचा रबरी फुगा असतो, त्याचं टोक पेनाच्या मागच्या तोंडात बसवा आणि पाणी हळूहळू, थांबून थांबून ढकला. सुई नसलेली सिरिंजही चालते, फक्त सांध्यातून पाणी निसटतं ते बोटाने दाबून धरायचं. पहिल्या दाबाला पाणी जागचं हललं नाही तर जोर लावू नका, पुन्हा भिजत ठेवा. नंतर एकदम चिळकांडी उडते, म्हणून हे मोरीतच करा.

एवढ्यानेही हटत नसेल तर दहा भाग पाणी, एक भाग साधा, सुगंध नसलेला घरगुती अमोनिया आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. पंधरा-वीस मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. खिडकी उघडी ठेवा, आणि जवळपास ब्लीच नको. दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भाग या पाण्यात ठेवायचे नाहीत. पेनात आयर्न गॉल, म्हणजे लोहाचा अंश असलेली शाई होती तर अमोनिया नकोच, क्षाराने त्यातलं लोह आणखी घट्ट बसतं. तिथे पाण्यात चिमूटभर ‘क’ जीवनसत्त्वाची पूड घालून भिजवा. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते पाण्यात विरघळतच नाहीत; ते फक्त दाबाने बाहेर पडतात. चित्रकलेची इंडिया इंक मात्र कधीच नको. तिच्यातलं लाखेचं वगैरे बंधक एकदा वाळलं की पेन गेलं म्हणायचं.

पेन स्वच्छ झालंय की नाही हे पाण्याच्या रंगावरून ठरवू नका. निब टिश्यूवर टेकवा. डागाच्या कडेला निळसर वर्तुळ उमटलं तर खाचेत शाई आहे अजून. शुभ्र ओला डाग आला की मग निब खाली करून टिश्यू घातलेल्या पेल्यात रात्रभर उभं ठेवा, टिश्यू उरलेलं पाणी ओढून घेतो. घाईने लगेच शाई भरली तर पहिली पानं फिकट येतात, आणि लोक शाईला शिव्या देतात.

निब आणि जीभ ओढून वेगळी करायचा मोह होतो. आपल्या पेनात ती खेचून निघणारी आहे याची खात्री असेल तरच करा. काही पेनांत निबेचा अख्खा भाग आट्यांवर फिरून निघतो. तो ओढला तर मोडतो.

एक निवडीतली गोष्ट राहिली. टोपणाच्या आत वेगळं अस्तर आहे का बघा. वर हवेचं भोक आणि आत अस्तर नाही, असं टोपण असलं तर पेन सुकायला महिन्याभराची सुट्टी पुरते. नवं पेनही शाई भरण्याआधी एकदा साबणाच्या थेंबाने धुवावं, जिभेवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. रोज लिहिणाऱ्याने चार ते सहा आठवड्यांनी, आणि शाई बदलताना दरवेळी साध्या पाण्याने धुतलं की वरचं सगळं रामायण टळतं. आयर्न गॉल किंवा पिगमेंट शाई असेल तर त्याहून लवकर.

शाई थेट पेनाच्या नळीत ड्रॉपरने भरायची असेल तर नळी प्लास्टिकची हवी, तिला कुठेही खिडकी किंवा भोक नको, आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर हवा. पेट्रोलियम जेली नको, ती रबरी वॉशर फुगवते. अशा पेनात दोन-तीन मिलि शाई आरामात मावते, पण ती तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून शाईचा थेंब सुटतो. म्हणून तिसरा हिस्सा उरला की भरून टाका. विमानाने जाताना पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर.

दोन शाया एकमेकींत मिसळू नका, गाळ धरतो. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत ओतू नका. आणि बाटली उघडल्यावर कुबट वास आला किंवा वर तवंग दिसला तर ती शाई कितीही महाग असो, टाकून द्या. बुरशी एकदा जिभेत शिरली की वरचा सगळा उपद्व्याप पहिल्यापासून, आणि तरीही पेन सुधारेलच असं नाही.