आमची वाटचाल : आधी तलाव, मग समुद्र

वडिलांची सोलापूरहून अक्कलकोट-गाणगापूर-तिरुपतीच्या सहलींची बस होती. तोच धंदा मी आणि धाकट्या भावाने पुढे चालवला. अकरा वर्षांपूर्वी एका ग्रुपने मालवण मागितलं आणि सिंधुदुर्ग किल्ल्यालगत मी पहिल्यांदा स्नॉर्कलिंग केलं, म्हणजे चेहऱ्यावर मास्क चढवून, श्वासाची नळी तोंडात धरून डोकं पाण्यात घातलं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाढलेला मी. नाकासमोरून पट्ट्यापट्ट्यांचे मासे गेले, तेव्हा वर येऊन भावाला काय सांगू आणि काय नको असं झालं.

पण त्याच सहलीत आमच्याकडून मोठी चूक झाली. आमच्यातले एक काका दमले, तर बोटीवरच्या माणसाने त्यांना सांगितलं, "खाली दगड आहे, उभे राहा." तो दगड नव्हता. पाय पडताच ताटलीसारखं पसरलेलं प्रवाळ मोडलं आणि काकांच्या तळव्याला कापलं. प्रवाळ म्हणजे हजारो बारीक जीवांची वसाहत. असं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक-दोन सेंटीमीटर वाढतं. हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि अशा प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत संरक्षण आहे. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. माणसं घेऊन जाण्याआधी ते माहीत असणं माझं काम होतं.

तेव्हापासून नियम केला: सोलापुरात तीन सकाळी पोहण्याच्या तलावात आल्याशिवाय समुद्राची सहल नाही. पोहता आलंच पाहिजे असं नाही, लाइफ जॅकेट असतंच. पण तरंगता यायला हवं, पाय न टेकता. सगळ्यात अवघड असतं ते तोंडाने श्वास घेणं. मास्कमध्ये नाक बंद होतं आणि माणूस घाबरतो. नळीत पाणी शिरलं की जोरात फुंकायचं, हे पंधरा-वीस वेळा केल्यावरच अंगवळणी पडतं. या नियमामुळे पहिल्या वर्षी निम्मी बुकिंगं गेली. भाऊ नाराज होता, मी मागे हटलो नाही.

चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एक अक्का पहिल्या सकाळी तलावाची कड सोडायला तयार नव्हत्या. तिसऱ्या सकाळी हात छातीशी बांधून, तोंड पाण्यात घालून दहा मिनिटं निवांत तरंगल्या. त्या वर्षी आम्ही लक्षद्वीपला निघालो: परवान्याची कागदपत्रं, कन्याकुमारी एक्सप्रेसने एर्नाकुलम, मग कोचीहून अगत्ती बेटाचं विमान. रेल्वेत डब्याडब्यांतून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फिरत होती.

अगत्तीच्या उथळ, निळ्या पाण्यात हिरवं कासव समुद्री गवत खाताना दिसलं. मान वाकडी करून ते पाती उपटत होतं. तोंडाभोवती वाळूचा धुरळा. कासवाच्या मागे लागायचं नाही, त्याच्या डोक्यावर जायचं नाही, कारण त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. अक्का जागच्या हलल्या नाहीत. ते त्यांच्यापासून तीन-चार हातांवर वर आलं, नाक बाहेर काढलं, फुस्स केलं आणि खाली गेलं. बोटीत बसल्यावर अक्का म्हणाल्या, "त्याला पण दम घ्यायला वर यावं लागतंय की ओ!"

२०२४ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. आतले सूक्ष्म शैवाल निघून गेले की प्रवाळाचा रंग जातो, आणि अन्नही. पुढच्या हंगामात आमच्या ओळखीच्या कितीतरी जागी मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता फोन येतो तेव्हा हे आधीच सांगतो. फोटोत दिसतं तेवढं रंगीत सगळीकडे नाही. प्रवाळाला त्रास नको म्हणून सनस्क्रीन फासून पाण्यात उतरू देत नाही, त्याऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आम्हीच देतो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. तलावाची वेळ सकाळी साडेसहा. टॉवेल आमच्याकडे मिळेल, सोलापुरीच.