माझं वर्ष २०१५

डिसेंबर लागला की ऑफिसातले, नात्यातले आणि निव्वळ सिनेमाच्या गप्पांमुळे ओळखीचे झालेले लोक हटकून विचारतात, "यंदाचे तुमचे आवडते सिनेमे कोणते?" चार-पाच नावं सांगून झाली की पुढचा प्रश्न येतो, "आणि आजवरचं सगळ्यात आवडतं वर्ष?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दर वर्षी वेगळं असतं. दुसऱ्याचं मात्र एकच आहे. मराठी सिनेमाचं २०१५. लिफ्टची वाट बघताना हे उत्तर पुरं होत नाही, निम्मं सांगून होतं तोवर मजला येतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

त्या वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'कोर्ट', सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट 'किल्ला', आणि परीक्षकांचा विशेष पुरस्कार 'ख्वाडा'ला. पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा प्रत्यक्ष थिएटरात बघायला मिळेलच याची खात्री तेव्हाही नव्हती, आजही नसते. हे तिन्ही त्याच वर्षात लागले. एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला संध्याकाळचा प्राइम टाइमचा खेळ द्यायचा, असा निर्णय राज्य सरकारनं जाहीर केला. त्यावरून केवढं रान उठलं ते आठवत असेल. शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेवर तडजोड झाली. मराठी सिनेमा कुठे आणि किती वाजता बघायचा यावर घराघरांत वाद होत होते, आणि बघण्यासारखे सिनेमेही नेमके तेव्हाच येत होते.

पण माझं कारण वेगळं आहे. ते वर्ष मला आवडतं ते ऐकण्यासाठी. लहानपणापासून मी जो मराठी सिनेमा पाहिला त्यात बहुतेक माणसं रंगमंचावर बोलावं तसं बोलायची. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. गावाकडचा माणूस असला की त्याच्या तोंडी एक ठरीव 'ग्रामीण' भाषा यायची. ती ना धड नगरची असायची, ना सोलापूरची, ना कोल्हापूरची. आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत भरलेले. आदल्या वर्षीच 'फँड्री'नं हे सगळं हलवून सोडलं होतं. २०१५ मध्ये मात्र एकामागून एक असे सिनेमे आले, की डोळे मिटले तरी माणसं कुठली आणि काय करणारी आहेत हे कळावं.

'कोर्ट' १७ एप्रिलला लागला. चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला मोठा चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले तेव्हा तो २७ वर्षांचा होता. गोष्ट अशी, की नारायण कांबळे नावाच्या वयस्कर लोकशाहिराला पोलीस कार्यक्रम चालू असतानाच पकडून नेतात. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप. मग तारखा पडत राहतात.

यात एक गोष्ट पुनःपुन्हा घडते आणि मी सिनेमा बघताना तिचीच वाट बघत असते. साक्षीदार मराठीत किंवा हिंदीत काहीतरी सांगतो. न्यायाधीश ते ऐकतात आणि टायपिस्टला आपल्या शब्दांत सांगतात, इंग्रजीत, एका सुरात. माणूस बोलला ते एक, कागदावर चढलं ते दुसरं. कुणी लबाडी करत नसतं. कामकाजाची रीतच ती. पण आत्ता समोर बसून ऐकलेलं म्हणणं पुढच्या मिनिटाला नाहीसं होतं आणि खटला पुढे चालतो तो कागदावरच्या म्हणण्यावर. न्यायव्यवस्थेवरची कितीतरी भाषणं मी ऐकली आहेत, एकानंही मला हे इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष तर ऐकाच. ती भूमिका उषा बाणे यांनी केली आहे, आणि त्यांनी हे दुःख स्वतः भोगलेलं आहे. नवरा खाली उतरण्याआधी काय बघायचा, तर झुरळ बाहेर येतंय का. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. हे ती रडून सांगत नाही. गिरणीत दळण किती वेळानं मिळेल हे सांगावं तसं सांगते. त्या आवाजापुढे नट-नट्यांचे अश्रू फिके पडतात, असं मला मनापासून वाटतं. नंतर कांबळेंचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो तेव्हा ती पैसे मागत नाही, काम मागते.

सरकारी वकील नूतनच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी आहेत. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याची कलमं त्या धडाधड वाचून काढतात. तीच बाई संध्याकाळी लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल आणि तेलाबद्दल बोलते, मुलाला घेऊन घरी जाते, कुकर लावते. आवाज तोच, घाईही तीच. सिनेमा तिला खलनायिका करत नाही आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. आपल्या सोसायटीत, आपल्या बँकेत, आपल्या घरात ही बाई आहे. कायद्याचं जोखड दुसऱ्याच्या मानेवर ठेवताना तिच्या डोक्यात संध्याकाळची भाजी असू शकते. मला हा सिनेमा इतका जवळचा वाटतो तो या एका बाईमुळे.

कोर्टाची उन्हाळ्याची सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात. इथे संपला, असं वाटून माझ्या रांगेतले लोक उठायला लागले होते. सिनेमा संपत नाही. न्यायाधीशसाहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला जातात, बागेतल्या बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून उठवतात तेव्हा एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा झोपतात. थिएटरबाहेर येऊन लोक वैतागून एकमेकांना विचारत होते, "हा काय शेवट झाला?" मला तो तेव्हाही पटला आणि आजही पटतो.

लोकशाहीर झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं ते गेले. बातमी वाचली तेव्हा मी पुन्हा त्यांचा पहिला कार्यक्रमाचा प्रसंग लावला. गाणी संभाजी भगत यांची आहेत. साथीदार ती रंगवून म्हणत नाहीत, समोर बसलेल्यांना सांगितल्यासारखी म्हणतात.

'ख्वाडा' दसऱ्याला आला, २२ ऑक्टोबरला. भाऊराव कऱ्हाडे यांचा पहिला सिनेमा, स्वतःची जमीन विकून केलेला. रानोमाळ मेंढरं घेऊन फिरणारं एक धनगर कुटुंब. बापाची जमीन वनखात्याच्या कचाट्यात सापडलेली, तिच्यासाठी तो वर्षानुवर्षं झगडतोय. धाकट्या बाळूला आता फिरणं नको झालंय, त्याला लग्न करून एका जागी राहायचंय. बापाच्या भूमिकेत शशांक शेंडे आहेत आणि तो माणूस आपण अभिनय करतोय हे एकदाही कळू देत नाही.

हा सिनेमा माझा आहे त्याला कारण आजोळ. माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं. पिकं निघाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडं, यायची आणि मामा शेतात मेंढरं बसवायचा, लेंडीखतासाठी. बदल्यात धान्य किंवा पैसे. रात्री घरात झोपलं तरी बाहेरचं सगळं ऐकू यायचं: कोकरांचं ओरडणं, कुत्र्यांचं भुंकणं, घोड्याचं फुरफुरणं, मेंढरं वळवताना जीभ टाळूवर आपटून काढलेला तो आवाज. हा आवाज मला नाही काढता येत आणि लिहूनही दाखवता येत नाही. 'ख्वाडा' सुरू झाला आणि तोच आवाज थिएटरात घुमला. शूटिंगच्या जागेवरच ध्वनिमुद्रण केल्याबद्दल महावीर सब्बनवाल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि माझ्या मते त्या वर्षीच्या सगळ्या पुरस्कारांत हा सर्वात योग्य हाती गेला. वारा संवादांवरून वाहतो, मध्येच मेंढरू ओरडतं, माणसं त्याच्यावरून आवाज चढवून बोलतात. रानात माणसं अशीच बोलतात. सरपंचाशी वाकडं येतं तिथून गोष्ट ओळखीच्या वाटेनं जाते हे मला मान्य आहे. पण बिऱ्हाड उचलून घोड्यावर लादणारी ती बाई, चुलीसाठी दगड मांडणारे ते हात, सुनेवर न चिडता चिडलेला तो बाप, हे मराठी पडद्यावर इतक्या जवळून कधी आलं होतं?

पाडव्याला, १२ नोव्हेंबरला, 'कट्यार काळजात घुसली' आला. सुबोध भावे यांचं दिग्दर्शन. यावरून आमच्या घरात अजून भांडण होतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं मूळ नाटक १९६७ चं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं, आणि त्यातल्या खाँसाहेब या गवयाच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ज्यांनी ते पाहिलंय त्यांच्यासमोर सिनेमाचं नाव काढणं कठीण. महाल भडक आहेत, नाटकात जे नुसत्या गाण्यातून कळायचं ते इथे बोलून दाखवलंय, ही तक्रार मला मान्य आहे. पंडितजींचा, म्हणजे खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्धी गवयाचा, आवाज जाण्याचा सगळा दोष खाँसाहेबांच्या बायकोवर टाकणं मलाही खटकतं.

तरीही तो माझ्या यादीत आहे आणि राहणार. कारण एकच चीज पंडितजींच्या गळ्यातून एका डौलात येते आणि खाँसाहेबांच्या गळ्यातून दुसऱ्याच. पहिली जागेवर बसून फुलते, दुसरी झेप घेते. माझ्या शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या पोरानं, ज्यानं बहुधा आयुष्यात कधी मैफल ऐकली नसावी, मित्राच्या कानात सांगितलं, "अरे, गाणं तेच आहे!" घराणं म्हणजे काय हे व्याख्यानातून समजावताना दमछाक होते, त्याला ते तिकिटाच्या पैशांत कळलं. पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगांवकर आणि गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी गायलेल्या महेश काळेंना पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या दिवाळीत रिक्षातसुद्धा नाट्यसंगीत वाजत होतं. अशी दिवाळी मी आधी अनुभवली नव्हती.

'किल्ला' पावसात लागला, जूनच्या शेवटी, आणि त्याला दुसरा कुठला महिना शोभलाच नसता. वडील गेलेत, आईची कोकणात बदली झालीय, आणि पुण्यातला हुशार मुलगा चिन्मय नव्या शाळेत येऊन पडलाय. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलं आणि कॅमेराही सांभाळला, त्यामुळे लोक नेहमी त्यातल्या दृश्यांबद्दल बोलतात. मला आठवतो तो किल्ल्यात एकट्या पडलेल्या मुलावर कोसळणारा पाऊस, आणि त्यात बुडून जाणारी त्याची हाक. मित्र निघून गेलेत हे त्याला समजतं ते उत्तर येत नाही म्हणून. आणि अमृता सुभाष यांची आई: कचेरीत एक आवाज, मुलाशी दुसरा, आणि रात्री एकटी असताना कुठलाच नाही. बदलीच्या नोकरीतल्या बाईचा एकटेपणा इतक्या कमी बोलण्यात मावतो हे मला या सिनेमानं दाखवलं.

'डबल सीट'बद्दल थोडंच सांगते, कारण त्यात समजावण्यासारखं काही नाही, बघा आणि खूश व्हा. लालबागच्या छोट्या घरात सासू-सासऱ्यांसोबत राहणारं नवं जोडपं, कुजबुजत बोलावं लागणारं, आणि त्यांना हवं असलेलं स्वतःचं घर. मुक्ता बर्वे आणि अंकुश चौधरी. मुंबईत दोन खोल्यांत वाढलेल्या कुणालाही ती कुजबुज ओळखू येईल.

आता नेहमीच्या हरकती. 'नटसम्राट' का नाही? कारण तो १ जानेवारी २०१६ ला आला, एका दिवसानं या वर्षातून निसटला. 'हायवे' का नाही? उमेश आणि गिरीश कुलकर्णींचं काम मला फार आवडतं, पण द्रुतगती मार्गावरच्या त्या गाड्यांत इतकी माणसं आहेत की एकाही गाडीत मला पुरेसं बसता आलं नाही. हिंदीतला 'मसान' त्याच वर्षीचा आणि माझा अत्यंत लाडका, पण आज प्रश्न मराठीचा होता.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर मी 'ख्वाडा' सांगेन. 'कोर्ट' कुणी ना कुणी तुम्हाला दाखवेलच, 'कट्यार' टीव्हीवर लागतो. माझ्या ओळखीत 'ख्वाडा' पाहिलेली माणसं मात्र अजून फार थोडी आहेत. मोबाइलवरच बघणार असाल तर निदान इअरफोन लावा आणि सबटायटल्स बंद ठेवा. पहिली दहा मिनिटं काही शब्द निसटतील, पुढे कान आपोआप लागेल.