तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या मुलाचे दात

"ब्रश करत नाही काय हा?" शहापुरातल्या भाजीवालीपासून माझ्या नणंदेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. शेजारच्या अक्का कन्नडमध्ये विचारतात, "हल्ल याक हिंग?" म्हणजे दात असे का? एरवी मी विषय बदलते. आज सांगते.

ब्रश करतो. दोन्ही वेळा, माझ्यासमोर. गोडाचं म्हणाल, तर कुंदा सणावारीच मिळतो. बोअरच्या पाण्याचं म्हणाल, तर तेच पाणी गल्लीतली सगळी पोरं पितात, त्यांचे दात चांगले आहेत. शिवाय अशा पाण्यातल्या फ्लोराईडचे डाग जास्त करून कायमच्या दातांवर येतात. याचे दुधाचे दातच पिवळे आणि खरखरीत उगवले.

पण तुम्हाला कुठल्या तोंडाने बोलू? मीही तेच समजत होते. तो पाच वर्षांचा असताना निपाणीला, माझ्या माहेरी लग्न होतं. फोटोत चांगला दिसावा म्हणून पहाटे त्याला मोरीत बसवलं आणि राखुंडीत मीठ घालून बोटाने त्याचे दात घासायला लागले. "आई, झोंबतंय," म्हणून तो माझा हात ढकलत होता. गार पाणी झोंबलं म्हणून कोमट दिलं, तेही झोंबलं. मला वाटलं, नाटकं करतोय. त्याचं डोकं दोन गुडघ्यांत धरलं आणि आणखी जोरात घासलं. चूळ टाकली तेव्हा तांबूस पाण्यात तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा पडला. मला वाटलं, कीट निघालं. मला बरं वाटलं, हेही लिहायलाच पाहिजे. उजेडात धरून बघितलं तर ते दाताचंच कवच होतं. लग्नात त्याने नुसता मऊ भात खाल्ला. सगळ्या फोटोंत त्याचं तोंड मिटलेलं आहे.

हे कवच, इनॅमल, परत येत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात.

पुढे मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचे दात बघू." माझ्या पुढच्या दातांवर उभ्या रेघा आहेत, नख फिरवलं की कंगव्यासारख्या लागतात. मग त्यांनी माझ्या वडिलांचं विचारलं. अण्णांचे दात पिवळे, झिजून आखूड झालेले. जन्मभर तंबाखूच्या वखारीत हमाली केली, त्यामुळे तंबाखूनेच दात खाल्ले असं सगळे म्हणायचे, आम्ही पोरीसुद्धा. थोरल्या आत्याला विचारलं तर म्हणाली, "शाळेत होता तवापासनंच तसले."

अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे इनॅमल मुळातच नीट न घडण्याचा, घराण्यातून येणारा दोष. याचे प्रकार बरेच. आमच्यातला, रेघांवरून, एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाचा दिसतो. अमेलोजेनिन नावाचं प्रथिन त्यावरून बनतं आणि इनॅमल त्याच्या आधाराने घडतं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणून अख्खा दात बिघडतो. बाईकडे दोन असतात. काही पेशींत एक चालतो, काहींत दुसरा, म्हणून चांगला पट्टा, वाईट पट्टा. जनुकाची तपासणी आम्ही केलेली नाही.

"म्हणजे तुमच्याकडनं आलं," सासूबाई म्हणाल्या. हो, आमच्याकडनं आलं. मी काय निवडून दिलं? कुणी निवडून देतं का? असं मी त्यांना तोंडावर म्हटलं, आणि रात्री झोप लागली नाही. जनुकाचा दोष माझा नसेल, पण मोरीतला हात माझाच होता. आता त्याच्या दाढांवर स्टीलच्या कॅप आहेत, भाकरी चावून खातो. ती पहाट त्याला आठवते की नाही, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

आणि एक. बापाचा एक्स प्रत्येक मुलीला मिळतोच, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीलाही अण्णांचाच मिळालाय. तिला सातवा महिना आहे. दुधाच्या दातांचं इनॅमल चौथ्या महिन्यापासून पोटातच घडायला लागतं. बाळाला ते जाण्याची शक्यता निम्मी. डॉक्टर म्हणतात सांगा, म्हणजे पहिला दात आला की लगेच दाखवता येईल. आई म्हणते, बाळंतपण होऊ दे. गेल्या आठवड्यात तिची ओटी भरली. सगळ्या बायका फोटोला हसल्या आणि तिने पदर तोंडावर धरला. मी शेजारीच उभी होते, काही बोलले नाही.