तुम्ही विचारलंत म्हणून: पार आहे, सप्ताह आहे, मग मंगळवारची बैठक कशाला?

"गावात पार आहे, भजनी मंडळ आहे, वर्षाला सप्ताह होतो. मग म्हाताऱ्यांसाठी ही वेगळी बैठक कशाला?" पाहुणे विचारतात, पंचायतीत विचारतात, पुण्याला गेलेली मुलं फोनवर विचारतात. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय मिटवला. आता नीट सांगते.

पार पुरुषांचा आहे. सत्तरीतली विधवा बाई पारावर जाऊन बसत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. सप्ताहात तीनशे माणसांची पंगत बसते. तीत एकटी बाई जेवते, हात धुते, घरी येऊन कडी लावते. माणसं जमली की एकटेपण जातं, असं मीही म्हणत होते. सप्ताहाची वर्गणी वाढवा, एवढाच माझा उपाय होता. तो चुकला. तरी सप्ताह नको, असं मी म्हणणार नाही. काकड्याला पहाटे कुणीतरी दारातून हाक मारतं, तेवढे सात दिवस बरे जातात. काल्यानंतर हाक थांबते.

आमचा भाग बालाघाटच्या डोंगररांगेतला, ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको जोडीनंच जातात, या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. घरात सासू उरते, फार तर शाळेतली नातवंडं. उसाच्या फडात गाडी रात्री कधीही भरायला येते, म्हणून लेकाच्या फोनची वेळ ठरलेली नसते. म्हातारी फोन उशाला घेऊन जागी राहते.

आता बैठक. वेळ दुपारी चार ते साडेपाच, कारण अंधारात पायरी दिसत नाही आणि दिवेलागणीला चूल पेटवायची असते. माणसं आठ ते बारा. पंधराच्या वर गेली की दोन घोळके होतात आणि ज्याला कमी ऐकू येतं तो दोन्हींतून सुटतो. खुर्च्या हाताच्या हव्यात, गुडघे दुखणाऱ्याला टेकू घेऊन उठता येतं. "बोलायला या" म्हटलं की कुणी येत नाही. "शेंगा फोडायच्यात, या" म्हटलं की येतात. शेंगा, वाती, गोधडीचे टाके, काहीही चालतं. हातात काम असलं की नजर खाली राहते आणि अवघड गोष्ट तोंडातून निघते. चहा दोन भांड्यांत, एक बिनसाखरेचा. फोटो, सत्कार, घोंगडीवाटप बंद. एकदा घोंगड्या वाटल्या, तर पुढचे तीन आठवडे लोक यादीत नाव आहे का तेवढंच बघायला आले.

आणि एक वही. कोण आलं, कोण नाही, दारात जाऊन कोणी विचारलं, असे तीन रकाने.

या वहीमुळेच जे घडलं ते सांगायचं मी टाळत आले. एक आजी सलग दोन मंगळवार आल्या नाहीत. तिसऱ्या रकान्यात दोन्ही वेळा 'आजारी' लिहिलेलं होतं. अक्षर माझंच. दारात कुणी गेलंच नव्हतं. शेजारीण सहज म्हणाली, "बरं नसंल," आणि मी लिहून मोकळी झाले. तिसऱ्या मंगळवारी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. चुलीत राख थंड, टोपल्यात कडक झालेल्या दोन भाकरी, ताटलीत पाण्यात भिजवलेला एक तुकडा. आजींना ताप नव्हता, खोकला नव्हता. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या बायायसमोर इचारलं मला, लेकाचा फोन आला का म्हणून. महिना झाला, आला न्हाई. काय सांगू माय?"

प्रश्न प्रेमानं विचारलेला होता. बैठकीत सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच. ज्या जागेनं त्यांना माणसांत आणायचं, तिथूनच त्या शरमेनं घरी परतल्या होत्या आणि आम्ही वहीत आजार लिहीत होतो.

तेव्हापासून गोलात "फोन आला का" कुणी कुणाला विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल. 'आजारी' हा शब्द वहीत चालत नाही. दारात कोण गेलं, काय दिसलं, चूल पेटली होती का, हे लिहायचं. एक मंगळवार चुकला की त्याच संध्याकाळी जायचं, आणि रिकाम्या हातानं नाही, निवडायला थोडी तूर घेऊन. "का आला नाहीत" हे दारात विचारायचं नाही. कुणी जेवण सोडलं, जगणं नको म्हणालं, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर आहेत. फोन लावून देईपर्यंत शेजारी बसून राहायचं.

यानं सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. एखाद्याला खरंच एकटं राहायचं असेल तर संध्याकाळी दार वाजवणारी मी कोण, हा प्रश्न मला पडतो, आणि तरी मी दार वाजवते. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की बैठक ओस पडते, तेव्हा तुमचंच म्हणणं खरं वाटतं, घरात माणसं असली की पुरे. पण मग घर भरलेलं असूनही जूनमध्ये शेंगा फोडायला येऊन बसणाऱ्या दोघी-तिघी आठवतात.

त्या आजी आता एक मंगळवार सोडून येतात. डाव्या कानानं ऐकू येतं, म्हणून बोलकी बाई त्यांच्या डावीकडे बसवतो. यंदाच्या टोळ्या निघायच्या आधी वहीत तीन नवी घरं चढलीत. त्यातल्या एका दारात कोण जाणार, ते अजून ठरायचंय.