पद्मिनीचा आरपीएम मीटर : तीन रविवारांची नोंद

गाडी १९८८ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, बाबांच्या हातची. कुर्ल्याहून बाहेर पडली तेव्हा तिला आरपीएम मीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेऱ्या घेतं ते दाखवणारा, नव्हताच. चार वर्षांपूर्वी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) नीट ट्यून करता यावा म्हणून मी स्टिअरिंगच्या डावीकडे एक सुटा मीटर बसवला. मागे ४, ६, ८ सिलिंडर निवडायचं छोटं बटण असलेला, नेहमीचाच. यंदा पाऊस सरल्यावर त्याचा काटा बिथरला. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, बरा असायचा. इंडिकेटर दिला की त्याच्या टकटकीबरोबर उड्या मारायचा, अडीच हजारांच्या पुढे गेला की क्षणात चार हजार, क्षणात शून्य. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा. म्हणजे चूक इंजिनाची नाही, सांगणाऱ्याची.

आमचे मिस्त्री बोनेटमध्ये वाकून म्हणाले, "साहेब, आधी पॉइंट आणि कंडेन्सर बदला, मग बोलू." ठिणगीची वेळ साधणारा तो स्विच आणि त्याचा कपॅसिटर मी बदलले. काट्यात तसूभर फरक नाही. तिथेच ठरवलं, की यापुढे मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

पहिला रविवार अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परतणाऱ्या जोडणीत, गेला. पार्ल्यात आमच्या सोसायटीच्या आवारात गाडी उभी, हेडलाइट चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं मीटरच्या काळ्या वायरीवर. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं ०.७ व्होल्ट! मी अर्थ घेतला होता डॅशबोर्डच्या ब्रॅकेटमधल्या स्क्रूवर, आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या क्लस्टरमधल्या सगळ्या दिव्यांचा अर्थही त्याच स्क्रूवर. स्क्रू काढला तर थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट बुरशीसारखा थर आणि त्याखाली रंग. समुद्राची हवा आणि चार पावसाळे. इंडिकेटरचा दिवा लागला की त्याचा करंट त्या खराब सांध्यातून जाताना मीटरचा 'शून्य' वर उचलला जायचा, म्हणून काटा ठेक्यात नाचायचा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन थिंबल क्रिम्प केलं आणि मीटरसाठी वेगळी जाड वायर थेट बॉडीला दिली. आता ०.०३ व्होल्ट. इंडिकेटरचा नाच बंद.

पण अडीच हजारांपुढची उडी तशीच होती. आता खोट मीटरमध्ये आहे की गाडीकडून येणाऱ्या सिग्नलमध्ये, हे वेगळं काढणं भाग होतं. त्यासाठी दुसऱ्या रविवारी जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण हे प्रत्येकाला घरी जमण्यासारखं आहे.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पडतात, म्हणजे एका फेरीला दोन. मीटर इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या) मायनसवरून हेच ठोके मोजतो. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, म्हणजे ५० ठोके. आणि सेकंदाला ५० वेळा काय होतं? आपल्या घरातली वीज! लॅमिंग्टन रोडवरून १२-०-१२ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणारा) छोटा ट्रान्सफॉर्मर आणि दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) आणले. मीटरला सप्लाय सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. तिचा मायनस आणि ट्रान्सफॉर्मरची मधली वायर एकत्र जोडली. एका टोकाला एक डायोड लावून तो मीटरच्या सिग्नल वायरीला जोडला आणि सिग्नलपासून मायनसला १ किलोओमचा रेझिस्टर दिला. एका डायोडने ५० ठोके. दुसऱ्या टोकाचाही डायोड जोडला की १००, म्हणजे बरोबर ३०००. घरच्या विजेचा ठेका इतका पक्का असतो की याहून चांगला मापदंड मला तरी मिळाला नसता. सॉकेटमधून थेट वायर मात्र कधीही घेऊ नका, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. काही मीटर एवढ्या कमी व्होल्टेजवर जागे होत नाहीत. माझा झाला.

स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काटा अलगद उठला आणि १५०० वर येऊन थांबला. दुसरा डायोड लावला, ३००० च्या रेघेवर. किती वेळ नुसता बघत बसलो. मग पेनच्या टोकाने मीटरच्या पाठीवर हलकी टिचकी मारली आणि काटा धाडकन खाली कोसळला. पुन्हा टिचकी, पुन्हा वर. पाठ उघडली तर सिलिंडर निवडायच्या बटणाचे आतले संपर्क काळे पडलेले. गाडीच्या कंपनात ते सुटत होते. स्प्रेने साफ केलं तरी तासाभराने तीच तऱ्हा, म्हणून बटण उचकटून काढलं आणि चार सिलिंडरची जोडणी कायमची सोल्डर करून टाकली. ही गाडी सहा सिलिंडरची थोडीच होणार आहे!

तिसऱ्या रविवारी वायर. सिग्नलची वायर मी स्पार्क प्लगच्या वायरींबरोबर एकाच केबल टायमध्ये आवळली होती. तिथे हजारो व्होल्ट धावतात, शेजारच्या वायरीत खोटे ठोके उमटणारच. आता ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) दुसऱ्या बाजूने वेगळी आणली आहे, शिल्डेड (भोवती तारेची जाळी असलेली) वायर वापरली आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलं. कॉइलच्या मायनसवर पॉइंट उघडताना दोन-तीनशे व्होल्टची उसळी येते, त्यामुळे तिथला सांधा स्लीव्ह घालून नीट झाकला.

काल सकाळी सहाला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने बोरिवलीपर्यंत जाऊन आलो. आयडल ८५०, टॉप गिअरमध्ये काटा आवाजाबरोबर चढतो आणि आवाजाबरोबर उतरतो. शेजारी बाबा बसले होते. मीटरकडे बघून म्हणाले, "आता खरं बोलतोय."

एक गोष्ट राहिली आहे. साडेचार हजारांच्या आसपास काटा अजून किंचित थरथरतो. पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) दांडी बोटांनी आडवी हलवली तर खेळ जाणवतो, आणि पॉइंट बंद होताना उसळून एकाचे दोन ठोके देत असावा. मिस्त्रींचा संशय योग्य जागी होता, फक्त पार्ट शेजारचा निघाला. २०२३ मध्ये पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून सुटे भाग शोधावे लागतात. पुढच्या शनिवारी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत डिस्ट्रिब्युटर बघायला जातोय. कोणाकडे चांगल्या बुशचा (दांडी ज्यात फिरते ती नळी न झिजलेला) असेल तर जरूर कळवा.