चोवीस तारखेची फिर्याद

२४ जून, मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा. सांगलीत, विजयनगरच्या कोर्टातल्या बाररूममध्ये एक ज्युनिअर फाईल छातीशी धरून माझ्या टेबलापाशी आली. वकिलीची सनद घेऊन तिला दीड वर्ष झालेलं. म्हणाली, "सर, १३८ची मुदत काल गेली. पक्षकाराला काय सांगू?"

पक्षकार तासगाव तालुक्यातला बेदाणा उत्पादक. सांगलीच्या मार्केट यार्डात माल दिला आणि त्यापोटी मिळालेला ४ लाख ८० हजारांचा चेक न वटता परत आला. अशा चेकची फिर्याद निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली होते. (ओळख पटेल असे तपशील आणि रक्कम मी बदलली आहे. तारखा मात्र बदललेल्या नाहीत, कारण सगळा प्रश्न तारखांचाच आहे.)

मी म्हटलं, "बस आधी. तारखा सांग."

चेक परत आल्याचा बँकेचा मेमो १५ एप्रिलला मिळाला. नोटीस ५ मेला पाठवली, म्हणजे तीस दिवसांच्या आत. हा टप्पा सगळ्यात नाजूक, कारण फिर्यादीला झालेला उशीर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीला झालेला उशीर माफ होत नाही. नोटिशीत मागणी फक्त चेकच्या रकमेची होती. व्याज, वकील फी, जुनी बाकी असं काही त्यात मिसळलेलं नव्हतं. नोटीस चोख होती आणि ती तिनेच लिहिली होती. समोरच्याला ती ८ मेला मिळाली. इथून पुढे तिची मोजणी चुकली.

फाईलच्या पाठीवर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: ८ मे अधिक १५ म्हणजे २३ मे, अधिक ३० म्हणजे २२ जून, रविवार. म्हणून शेवटचा दिवस सोमवार, २३ जून. आणि आज २४.

त्याच आकड्यांखाली मी दुसरी ओळ लिहिली. नोटीस मिळाल्याचा दिवस सोडायचा. ९ मे ते २३ मे हे पैसे भरायचे पंधरा दिवस. ते पूर्ण संपल्यावर, म्हणजे २४ मेला, फिर्यादीचं कारण घडतं. त्याच कायद्याच्या कलम १४२ मध्ये शब्द 'एक महिना' असा आहे, 'तीस दिवस' असा नाही. महिना कॅलेंडरचा धरायचा आणि कारण घडल्याचा दिवसही सोडायचा. २४ मे सोडला की महिना २४ जूनला पुरा होतो. साकेत इंडियाच्या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच हिशोब होता: नोटीस मिळाली २९ सप्टेंबर १९९५ला, पंधरा दिवस संपले १४ ऑक्टोबरला, फिर्याद दाखल झाली १५ नोव्हेंबरला आणि ती मुदतीत धरली गेली. पुढे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने इकॉन अँट्रीच्या निकालात हीच मोजणी कायम केली.

"म्हणजे आज?" तिने विचारलं.

"आजच. उद्या नाही."

उद्यावर गेलं असतं तरी दार पूर्ण बंद झालं नसतं. पुरेसं कारण दाखवलं तर कलम १४२च्या परंतुकाखाली विलंब माफ होतो. पण त्या अर्जावर आधी समोरच्याचं म्हणणं घ्यावं लागतं, नोटीस बजावणीत महिने जातात, आणि मूळ प्रकरण सुरू होण्याआधीच आपण सफाई देत उभे राहतो. हातात दिवस असताना त्या वाटेला जायचं कारण नव्हतं.

फिर्यादीचा मसुदा तयार होता. पहिल्याच पानावर शीर्षक होतं सांगलीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं. पक्षकाराने चेक सांगलीच्या शाखेत भरला होता, म्हणून तिने सांगली लिहिलं. मी विचारलं, खातं कुठल्या शाखेत आहे? तिने पक्षकाराला फोन करून पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. शाखा तासगाव.

२०१५ च्या दुरुस्तीपासून नियम स्पष्ट आहे. खात्यामार्फत वसुलीसाठी चेक भरला असेल, तर चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे, त्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद चालते. त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत चेक टाकला, तरी तो खात्याच्या मूळ शाखेत दिला असंच कायदा मानतो. सांगलीत दाखल केली असती तर योग्य कोर्टात न्यावी म्हणून फिर्याद परत मिळाली असती आणि तोवर २४ जून उलटून गेला असता. १३८च्या प्रत्येक फाईलला पासबुकाचं पहिलं पान लावा, असं मी ज्युनिअरना सांगतो ते यासाठी.

ई-फायलिंगचं तिचं खातं अजून चालू झालेलं नव्हतं. तासगावला जायचं ठरलं. त्या दिवशी माझ्या दोन प्रकरणांच्या तारखा होत्या. एका सहकाऱ्याने त्या सांभाळल्या, आणि आणखी दोन ज्युनिअर आमच्या मदतीला बसले.

मसुद्यात आरोपी म्हणून फक्त चेकवर सही करणारा भागीदार होता. चेक फर्मच्या खात्याचा. कलम १४१ मध्ये 'कंपनी' या शब्दात फर्मही येते, म्हणून फर्म आरोपी क्रमांक १, सही करणारा भागीदार क्रमांक २, आणि त्याचा रोजच्या व्यवहाराशी संबंध काय याचं एक स्पष्ट वाक्य. नोटीस सुदैवाने दोघांच्या नावे गेली होती. मग तारखांचा परिच्छेद: चेक, मेमो, नोटीस, पोच, पंधरा दिवसांचा शेवट आणि कारण घडल्याचा दिवस, सगळ्या तारखा एका खाली एक. कोर्टाला मुदत बोटाने मोजता आली पाहिजे, शोधावी लागता कामा नये.

कागदांची यादी लांब वाटते, पण तिची सवय होते. मूळ चेक, मूळ मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती, पोच, मालाची हिशोबपट्टी, पासबुकाचं पान, वकीलपत्र, त्यावर वेल्फेअरचं (वकील कल्याण निधीचं) तिकीट, साक्षीदारांची यादी, कलम १४५ खालचं पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, आणि जितके आरोपी तितक्या जास्तीच्या प्रती. पोच म्हणून इथे पोस्टाच्या संकेतस्थळावरची छापील नोंद होती. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र हवं. त्याचे दोन भाग असतात. भाग 'अ' पक्षाचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बच्या नमुन्यावर नाव बदलून काम भागवणारे अजून दिसतात, आणि पुढे उलटतपासात तेच अंगाशी येतं.

मूळ चेक बाहेर काढला आणि माझा जीव वर आला. फाईलचा टॅग त्याच्या कोपऱ्यातून ओवलेला होता. भोक सहीपासून बोटभर अंतरावर पडलेलं. सही, रक्कम, तारीख शाबूत होती, म्हणून निभावलं. मूळ चेकला पंच मारू नये, पिन टोचू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. कोऱ्या कागदावर पाकीट चिकटवायचं, चेक त्यात ठेवायचा, पाकिटावर चेकचा क्रमांक लिहायचा, आणि फाईलला झेरॉक्स लावायची. तिने तिथेच पाकीट केलं.

दोन वाजता निघालो. माधवनगर, कवलापूर करत तासगाव साधारण पंचवीस किलोमीटर. पक्षकार द्राक्षबागेत औषध मारत होता, तो तसाच परस्पर कोर्टात आला. हाताला फवाऱ्याचा वास, खिशात आधार कार्ड आणि पासबुक. "ताई, मुदत हाय न्हवं अजून?" त्याने तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आहे दादा. आजचा दिवस आहे." प्रतिज्ञापत्र त्याला मराठीत वाचून दाखवलं, मगच सही घेतली. त्याने एका ठिकाणी थांबवलं: माल दोन खेपांत दिला होता, मसुद्यात एकच खेप होती. हिशोबपट्ट्याही दोन निघाल्या. घाईत ते वाचून दाखवलं नसतं तर ही चूक शपथेवर गेली असती.

फायलिंगच्या टेबलावर दोन हरकती निघाल्या. पानांचे क्रमांक सलग नव्हते, आणि प्रतिज्ञापत्रावर ओळख पटवणाऱ्या वकिलाची सही राहिली होती. दोन्ही तिथल्या तिथे पुरी केली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी २४ जूनचा शिक्का पडला. नोंदणी होऊन नंबर दुसऱ्या दिवशी पडला तरी चालतं. मुदतीसाठी सादर केल्याचा दिवस बघतात. म्हणून शिक्क्याची प्रत पक्षकाराच्या हातात दिल्याशिवाय कोर्ट सोडायचं नाही.

परतीच्या वाटेवर तिने सांगितलं की शंका रविवारीच आली होती. रविवार, सोमवार ती विचारू शकली नाही. एवढं साधं येत नाही असं कोणी म्हणेल, याची भीती वाटली. मला हे मुदतीच्या चुकीपेक्षा गंभीर वाटतं. दिवस मोजणं अर्ध्या तासात शिकवता येतं. विचारायची भीती मात्र ज्येष्ठांनीच बाररूममध्ये पेरलेली असते, आणि ती काढण्याची जबाबदारीही आमचीच.

वकिलांची संघटना म्हटलं की लोकांना मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचा लढा आठवतो. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी तो वर्षानुवर्षं चालवला आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात काम सुरू झालं. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण नव्या वकिलाला आधार लागतो तो आजच्या तारखेला. सनदेचं नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ला सांगितलं. दारातून आत येणं त्यामुळे स्वस्त झालं. आत आल्यावरची पहिली तीन वर्षं कशी काढायची? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतनाची शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात एकट्या वकिलाला ती पेलत नाही हेही खरं. म्हणून निदान शिकवण्यात तरी कंजूषी नको, असं माझं ठाम मत आहे.

त्या आठवड्यापासून बाररूममध्ये दोन गोष्टी सुरू केल्या. एक मुदतवही: ज्युनिअरने फाईल घेतली की शेवटची तारीख स्वतः मोजून लिहायची आणि दुसऱ्या कोणत्याही वकिलाने ती पुन्हा मोजून शेजारी सही करायची. दोन आकडे जुळले नाहीत तर त्यांतली आधीची तारीख पाळायची. शेवटच्या दिवसाचा आधार फक्त अडलेल्या फाईलसाठी. एरवी वहीत खऱ्या तारखेच्या सात दिवस आधीची तारीख तांबड्या शाईने लिहितात. दुसरं म्हणजे शनिवारी दुपारी एक तासाचं टेबल. लॉ कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलंही येतात. भाषण नाही, एक फाईल आणि एक कॅलेंडर.

पहिल्या शनिवारी फळ्यावर तिनेच प्रश्न लिहिला: नोटीस १५ जानेवारीला मिळाली, तर फिर्यादीचा शेवटचा दिवस कोणता? पंधरा दिवस ३० जानेवारीला संपतात, कारण ३१ जानेवारीला घडतं, आणि फेब्रुवारीला तर ३१ तारीखच नाही. कोणी २ मार्च म्हणालं, कोणी ३ मार्च. तिने खडू उचलला आणि २८ फेब्रुवारीभोवती गोल काढला.